टोचन सपाटीवर, घाटात क्रेन

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आहेत, आणि बंद पडलेली गाडी टोचन लावून न्यायची की नाही याचा निर्णय या दोहोंमधल्या उतारावरच व्हायला हवा. बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणाऱ्या राजूर घाटात दोरी बांधून गाडी खाली नेऊ नये, एवढेच माझे म्हणणे. दोरी ओढू शकते, थोपवू शकत नाही. सपाटीवर ती ताणलेली राहते. उतार लागला की मागची गाडी स्वतःच्या वजनाने पुढे सरकते, दोरी सैल पडून चाकाखाली जाते, आणि पुढच्याने वेग घेतला की झटका बसून हुक उखडतो. तेव्हा मागच्या चालकाकडे ब्रेकच काय तो उरतो. पण इंजिन बंद असलेल्या मोटारीत ब्रेकला साथ देणारा व्हॅक्यूम दोन-तीनदा पेडल दाबल्यावर संपतो, मग पेडल दगडासारखे घट्ट होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. किल्ली काढली असेल तर चाक वळतच नाही.

कायद्याने हे ओळखले होते. 1989 च्या रस्ता-नियमांनुसार टोचन मुख्यतः बिघडलेल्या वाहनाला लागे. मागच्या गाडीत परवानाधारक चालक लागे, नाहीतर तिची पुढची चाके उचललेली असावी लागत. दोन वाहनांतले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या वर चालत नसे. कुणी म्हणेल, अमेरिकेत तर राहत्या घराएवढ्या मोटारीमागे छोटी कार चारही चाकांवर ओढत लांबलांब नेतात. नेतात, पण दोरीने नव्हे. पोलादी दांडा, जोडीला साखळ्या, मागच्या दिव्यांना पुढून वीज, मागच्या गाडीला वेगळा ब्रेक आणि जोड सुटलाच तर आपोआप लागणारी ब्रेकची सोय, एवढा सरंजाम असतो. शिवाय उत्पादकाने पुस्तिकेत परवानगी दिलेलीच गाडी तशी ओढतात. बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाके फिरवली तर आतले भाग तेलावाचून घासतात. न्यूट्रलमध्ये टाकल्याने ते टळत नाही.

खरा आक्षेप पैशाचा आहे. रात्री क्रेन लवकर मिळत नाही, मिळाली तर महाग पडते, आणि गावात ट्रॅक्टर हाताशी असतो. सपाट रस्त्यावर, दिवसा, जवळच्या गॅरेजपर्यंत साध्या गिअरची गाडी हळू न्यायला माझी हरकत नाही. दोरीऐवजी लोखंडी रॉड असेल तर उत्तम. समृद्धी महामार्गावर मात्र ही मुभाही नको. मेहकर, सिंदखेडराजाकडच्या त्या रस्त्यावर मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. तिथे हळू सरकणारी जोडगोळी म्हणजे मागून येणाऱ्यासाठी अडथळाच, आणि ट्रॅक्टरला तर तिथे प्रवेशच नाही. गाडी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, माणसांना कठड्यापलीकडे उभे करा आणि 112 ला फोन करा. मलकापूर-खामगावकडच्या राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 ला. विम्याचे नूतनीकरण करताना रस्त्यावरील मदतीचे कलम आहे का, तेही एकदा बघून घ्या.