गेन्शिन इम्पॅक्टमध्ये दोन शील्ड्सची बेरीज का होत नाही?

गेन्शिन इम्पॅक्ट खेळणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये एक प्रश्न फिरून फिरून येतोच. "माझ्याकडे डियोना आहे. आता झोंगली पण घेतला तर दोघांचं शील्ड एकत्र लावून टीमला काहीच होणार नाही ना?" होणार. आणि का होणार, हे विश मारण्याआधी कळलेलं बरं, कारण झोंगली फुकट मिळत नाही. एका विशला १६० प्रायमोजेम लागतात. ९० विशमध्ये एक ५-स्टार नक्की येतो, पण पहिल्या वेळी तो हवा तोच येईल याची गॅरंटी नाही. नशीब फारच खराब असेल तर १८० विश, म्हणजे २८,८०० प्रायमोजेम. एवढे साठवायला कित्येक महिने जातात, नाहीतर घरच्यांच्या खात्यातून यूपीआय होतं!

बहुतेक जण शील्डला दुसरा हेल्थ बार समजतात. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला ते हेल्थच्या आधी बसवलेल्या फिल्टरसारखं दिसतं. डॅमेज आलं की ते ठराविक क्रमाने काही पायऱ्यांमधून जातं आणि शेवटी उरलेलं हेल्थवर पडतं. हा क्रम समजला की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

डॅमेज कसं कापलं जातं

समजा लेव्हल ९० च्या शत्रूने २०,००० चा फटका मारला. सगळ्यात आधी मैदानात असलेल्या कॅरेक्टरचा डिफेन्स कामाला लागतो. त्याचं सूत्र असं: डिफेन्स ÷ (डिफेन्स + ५ × शत्रूची लेव्हल + ५००). लेव्हल ९० साठी मागचा भाग ९५० होतो. म्हणजे तुमचा डिफेन्स बरोबर ९५० असेल तर निम्मं डॅमेज इथेच संपलं, पुढे गेलं १०,०००. डिफेन्स ६५० असेल तर पुढे जातं ११,८७५. शील्ड चालू असतानासुद्धा ही कपात होते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. तेच शील्ड एका कॅरेक्टरवर जास्त टिकतं आणि दुसऱ्यावर पटकन फुटतं, ते यामुळे.

आता हे १०,००० शील्डवर येतात. इथे शील्डचा एलिमेंट बघितला जातो. डियोनाचं शील्ड क्रायो आहे, त्यामुळे क्रायो डॅमेज ते २५०% क्षमतेने शोषतं. बाकी एलिमेंटसमोर मात्र साधं १००%. जिओ शील्ड, म्हणजे झोंगली किंवा नोएलचं, सगळ्याच डॅमेजला १५०% ने शोषतं. त्यामुळे १०,००० चा फटका जिओ शील्डमधून साधारण ६,६६७ च कमी करतो. वर मैदानातल्या कॅरेक्टरकडे ३५% शील्ड स्ट्रेंग्थ असेल तर त्याला आणखी १.३५ ने भागायचं, म्हणजे साधारण ४,९३८. बघा, शत्रूने मारले २०,००० आणि शील्डमधून गेले पाच हजारांपेक्षाही कमी.

मग दोन शील्ड लावली तर?

गंमत इथे आहे. गेम एका शील्डनंतर दुसरं अशी रांग लावत नाही. आलेलं डॅमेज सगळ्या शील्ड्सवर एकाच वेळी, पूर्णच्या पूर्ण, पडतं.

उदाहरण घेऊ. झोंगलीचं शील्ड मूळ १०,००० चं, डियोनाचं ६,००० चं. डिफेन्स वगैरे कापून ३,००० पायरो डॅमेज आलं. झोंगलीचं शील्ड २,००० ने घटलं आणि त्याच क्षणी डियोनाचं ३,००० ने. असा आणखी एक फटका बसला की डियोनाचं संपलं, आणि तोपर्यंत झोंगलीच्या शील्डमधूनही ४,००० गेलेले असतात. डियोनाने त्याचा एक पॉइंटही वाचवला नाही. आता एकच १६,००० चा पायरो फटका आला असं धरा. झोंगलीचं शील्ड १५,००० झेलतं, उरलेले १,००० हेल्थवर. डियोनाचे ६,००० त्यात मिळवले जात नाहीत. सगळ्यात मजबूत शील्ड जेवढं झेलेल, तीच तुमची मर्यादा.

दोन छत्र्या एकावर एक धरल्या म्हणून पाऊस निम्मा होत नाही, तसंच काहीसं. तरी दुसऱ्या शील्डचा काहीच उपयोग नाही असंही नाही. पहिल्याची वेळ संपली तर दुसरं चालू असतं, आणि क्रायो बॉससमोर डियोनाचं ६,००० चं शील्ड २५०% मुळे १५,००० चं काम करतं, म्हणजे झोंगलीच्या तोडीस तोड. एखाद्या ठराविक बॉससाठी ४-स्टार कॅरेक्टर पुरतं ते असं.

शील्ड स्ट्रेंग्थ कोणाची मोजतात?

रिट्रेसिंग बोलाइड आर्टिफॅक्टचे दोन पीस ३५% शील्ड स्ट्रेंग्थ देतात. लगेच वाटतं, हे झोंगलीला घालावं. पण गेम शील्ड बनवणाऱ्याची नाही, मार खाणाऱ्याची, म्हणजे त्या क्षणी मैदानात असलेल्याची, शील्ड स्ट्रेंग्थ बघतो. झोंगली शील्ड टाकून मागे गेला की त्याच्या अंगावरचे ते ३५% पण मागे गेले. त्याला हेल्थ वाढवणारे आर्टिफॅक्ट द्या, कारण शील्डचा मूळ आकडा त्याच्या हेल्थवरून ठरतो. मिलेलिथ सेट म्हणूनच त्याच्यावर चांगला बसतो: दोन पीसवर २०% हेल्थ, आणि चार पीसवर शील्ड स्ट्रेंग्थ जवळच्या सगळ्या टीमला मिळते.

नोएल चालेल का?

माझं मत विचाराल तर नवीन खेळाडूने आधी नोएलच वापरावी. बिगिनर बॅनरच्या पहिल्या १० विशमध्ये ती मिळतेच, आणि तिचंही शील्ड जिओच, १५०% वालं. फरक वेळेचा आहे. तिचं शील्ड १२ सेकंद चालतं आणि कूलडाउन २४ सेकंदांचा, म्हणजे निम्मा वेळ उघड्यावर. (तिला मैदानात ठेवून मारत राहिलात तर दर चार हिटमागे कूलडाउन एक सेकंदाने कमी होतो.) झोंगलीचं शील्ड २० सेकंद टिकतं आणि कूलडाउन १२ सेकंद. जुनं संपायच्या आत नवीन तयार! लोक पैसे मोजतात ते खरं तर या आकड्यासाठी. शिवाय त्याचं शील्ड जवळच्या शत्रूंचा रेझिस्टन्स २०% ने पाडतं. गंमत म्हणजे १ डिसेंबर २०२० ला तो आला तेव्हा खेळाडू नाराज होते. ही २०% ची गोष्ट आणि १५०% शोषण त्याला फेब्रुवारी २०२१ च्या १.३ व्हर्जनमध्ये मिळालं.

पण झोंगली घेऊनही एका ठिकाणी अडाल. रिफ्टहाउंड नावाचे लांडग्यासारखे शत्रू करोजन लावतात. त्याने हेल्थ थेट कमी होते, शील्डची पायरी मध्ये येतच नाही, आणि मागे बसलेल्या कॅरेक्टर्सची हेल्थसुद्धा उतरते. स्पायरल अबिसमध्ये हे समोर आले की शील्ड चकचकीत दिसत असताना टीम मरू शकते. तिथे पूर्ण टीमला बरं करणारा हीलर लागतो, आणि चारपैकी एक जागा त्याच्यासाठी मोकळी ठेवावीच लागते.