शर्यतीच्या शाळेला निघालेली मोटार

नाशिक : मुंबईला जाणारा नाशिककर वर्षानुवर्षे कसारा घाट उतरत आला आहे. उतारावर पुढच्या ट्रकच्या चाकांतून येणारा जळका वास या वाटेवरच्या प्रवाशांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात आणि एका मर्यादेपलीकडे तापले की पकड सोडू लागतात. स्वतःची मोटार घेऊन पहिल्यांदाच शर्यतीच्या शाळेत जाऊ पाहणाऱ्या हौशी चालकाने पहिला धडा खरे तर या वासापासूनच घ्यावा. सर्किटवर नवख्याची गाडी शक्ती कमी पडली म्हणून सहसा अडत नाही. ती अडते उकळलेल्या ब्रेक ऑइलमुळे, झिजलेल्या टायरमुळे किंवा दहा रुपयांच्या ढिल्या क्लिपमुळे.

मोटारक्रीडा या शहराला अपरिचित नाही. ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’च्या निमित्ताने देशातील नामवंत रॅलीपटू नाशिक परिसरातील मातीच्या वाटांवर धावून गेले आहेत. सातपूर-अंबड पट्ट्यात महिंद्र आणि बॉशच्या कारखान्यांपासून सुटे भाग घडविणाऱ्या छोट्या कार्यशाळांपर्यंत मोटारीची नस ओळखणारे हात मुबलक आहेत. मात्र रॅली आणि सर्किटवरची शर्यत यांत फरक आहे. रॅलीत मोटारी एकामागून एक सोडल्या जातात आणि झुंज घड्याळाशी असते. सर्किटवर तीच ती वळणे इतर मोटारींच्या संगतीने पुन्हा पुन्हा घ्यायची असतात. ताशी सव्वाशेच्या वेगातून साठपर्यंत उतरायचे, वळायचे, पुन्हा वेग घ्यायचा आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा ब्रेक दाबायचा. गाडीला निवण्याची उसंत मिळत नाही. शहरात दहा वर्षे बिनतक्रार चाललेली मोटार सर्किटवर वीस मिनिटांत कुरकुरू लागते, ती यामुळेच.

दुसरी अडचण अंतराची. देशातील जम बसलेली सर्किट नाशिकपासून दूर आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० मध्ये सुरू झालेला मद्रास मोटर रेस ट्रॅक (आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट), कोइम्बतूरजवळचा २००३ चा कारी मोटर स्पीडवे आणि २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत भरविणारे ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, यांपैकी कोठेही जायचे तर हजार किलोमीटरहून अधिक प्रवास आहे. काही शाळा आपल्याच मोटारी शिकाऊंना देतात. ज्याला ती सोय परवडते त्याने ती खुशाल घ्यावी. पण स्वतःची गाडी न्यायची ठरली, तर त्याच गाडीने हजार किलोमीटर जायचे, दिवसभर सर्किटवर झिजायचे आणि पुन्हा घरही गाठायचे, हे ध्यानात ठेवूनच तयारी करावी लागते.

अशा वेळी पहिला मोह होतो तो इंजिनाची ताकद वाढविण्याचा. तो आवरावा. कोइम्बतूरच्या सर्किटला ज्यांचे नाव आहे, त्या एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘फॉर्म्युला मारुती’ ही छोटी शर्यतगाडी घडविली. तिचे इंजिन घरोघरच्या मारुती ८०० चेच, अवघ्या ७९६ सीसीचे होते. २००५ मध्ये जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय चालक नारायण कार्तिकेयन याने शर्यतीची सुरुवात याच गाडीतून केली. ब्रेक कोठे दाबायचा, वळणात नजर कोठे ठेवायची हे शिकण्यासाठी तेवढी ताकद पुरेशी ठरली. आजची कोणतीही साधी हॅचबॅक त्याहून ताकदवान आहे.

शिवाय कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्यामुळे जी गाडी सोमवारी पुन्हा त्र्यंबक रस्त्यावरून कचेरीला न्यायची आहे, तिच्यात फेरफार करण्यापेक्षा आहे तेच भाग उत्तम स्थितीत आणणे शहाणपणाचे. विम्याचा कागदही निघण्यापूर्वी वाचावा. खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. सर्किटवर गाडी आदळली तर दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून होणार, हे गृहीत धरूनच निघावे.

आता ब्रेककडे वळू. तयारीचा निम्मा वेळ आणि निम्म्याहून अधिक पैसा येथे खर्च झाला तरी तो वाया जात नाही. एक हजार किलो वजनाची मोटार ताशी १२० किलोमीटरवरून ६० वर आणायची म्हणजे सुमारे ४१७ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकायची. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटरहून अधिक पाणी घरातल्या तापमानापासून उकळीपर्यंत नेता येते. हे एका ब्रेकचे झाले. एका फेरीत असे चार-पाच प्रसंग आणि एका सत्रात अनेक फेऱ्या. ही उष्णता प्रामुख्याने पुढच्या दोन डिस्क आणि पॅड यांवर पडते आणि तेथून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते.

ब्रेक ऑइल म्हणजे नावापुरतेच तेल. ग्लायकोलवर आधारलेला हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट-४ प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर तो १५५ पर्यंत खाली आला तरी तो द्रव प्रमाणात बसतो. डॉट-३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० असे आहेत. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात पावसाळे काढलेल्या, दोन-तीन वर्षे ऑइल न बदललेल्या गाडीत काय उरले असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, पण दाब पुढे पोहोचवत नाही. पेडल जमिनीला टेकते आणि गाडी पुढेच जात राहते. म्हणून निघण्याच्या आठवड्यात जुने ऑइल पूर्ण काढून, सीलबंद डब्यातील ताजे डॉट-४ भरून चारही चाकांवर हवा काढून घ्यावी. अर्धा वापरून कपाटात ठेवलेला डबा चालणार नाही. डॉट-५.१ हा त्याहून वरचा द्रव याच जातीचा आहे. डॉट-५ मात्र सिलिकॉनचा असतो आणि तो यांत मिसळत नाही. नावातील साम्यामुळे दुकानात गल्लत होते, ती टाळावी.

पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर बदलावेत. मात्र नवे पॅड बसवून थेट सर्किटवर उतरू नये. शंभर-दोनशे किलोमीटर चालवून ते डिस्कवर बसू द्यावेत. नाशिकहून निघणाऱ्याला ही संधी वाटेतच मिळते. पुढच्या चाकांमागील रबरी नळ्या वाकवून पाहाव्यात. भेग दिसली की चर्चा नको, नवी नळी बसवावी. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. सत्र संपताच तापलेल्या गाडीचा हॅण्डब्रेक ओढू नये, नाही तर तापलेले भाग एकमेकांना चिकटून बसतात. शेवटची फेरी सावकाश घेऊन ब्रेक निवू द्यावेत आणि गाडी थांबल्यावर चाकाखाली वीट किंवा लाकडी ठोकळा लावावा.

टायरच्या बाबतीत ‘नक्षी दिसतेय ना’ एवढी कसोटी पुरत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘३५२१’ म्हणजे २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पाच-सहा वर्षे उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर कडक झालेले असते. तेथेच शेवटी वेगश्रेणीचे अक्षरही असते. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटर, ‘एच’ म्हणजे २१०. हवेचा दाब सकाळी टायर थंड असताना उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवावा आणि सत्रानंतर लगेच मोजावा. तो पाच-सहा पौंडांनी चढलेला आढळेल. टायरच्या खांद्यावर खडूची आडवी रेघ ओढली तर वळणात टायर किती कलंडतो हे पुसल्या गेलेल्या खडूवरून कळते आणि दाब कमी आहे की जास्त याचा निवाडा तेथल्या तेथे होतो. चाकांचे नट हवेच्या गनने आवळून समाधान मानू नये. गाडीच्या पुस्तिकेत किती जोराने आवळायचे याचा आकडा दिलेला असतो. त्या आकड्यावर लावलेला टॉर्क रेंच वापरून ते प्रत्येक सत्रापूर्वी तपासावेत.

आपल्याकडच्या गतिरोधकांनी आणि खड्ड्यांनी बॉल जॉइंट आणि बुश यांची काय दशा केलेली असते, हे वेगळे सांगायला नको. गाडी जॅकवर चढवून चाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून पाहिले की ढिलाई हाताला कळते. त्यानंतरच अलाइनमेंट करावे. आधी केले तर पैसे फुकट जातात.

इंजिनाचे म्हणाल तर तेथे अपेक्षा एकच : काहीही सांडू नये. रस्त्यावर ठिबकणारे तेल ही मालकाची कटकट असते, सर्किटवर मात्र ते मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते. म्हणून तपासणीच्या वेळी, ज्याला या क्षेत्रात ‘स्क्रुटिनी’ म्हणतात, बॉनेट उघडताच अधिकाऱ्याची नजर आधी गळतीकडे जाते. लांब वळणात तेल एका बाजूला लोटले जाते, तेव्हा पातळी वरच्या खुणेजवळ असावी, पण खुणेच्या वर नसावी. कूलंटचे झाकण, होज आणि बेल्ट पाहावेत. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती आणि किडे पाण्याच्या हलक्या धारेने काढावेत. बॅटरी हाताने हलता कामा नये. सीएनजीची टाकी असलेल्या गाडीबद्दल आयोजकांना आधीच विचारावे. दारातून परत फिरण्यासाठी एवढा पल्ला कोणी गाठत नाही.

गाडी रिकामी करणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम. आसनाखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली ब्रेकच्या पेडलमागे अडकली, तर वर सांगितलेल्या साऱ्या तयारीवर पाणी पडते. पायपुसणी, छत्री, डिकीतला जॅक, स्टेपनी सारे बाहेर काढावे. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती तेवढ्यापुरती आदराने पिशवीत ठेवावी आणि बंपरखालचे लिंबू-मिरचीही सोडावे. सर्किटवर पडलेली कोणतीही वस्तू मागच्यासाठी अडथळाच असते. गाडी ओढण्याचा हूक मात्र शोधून जागेवर बसवून पाहावा. वर्षानुवर्षे न उघडलेले त्याचे आटे ऐन वेळी जाम झालेले आढळतात.

चालकाचे आसन पेडलपासून इतके जवळ हवे की ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात बाक उरेल, आणि पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या माथ्यावर पोहोचेल. मूळ तीन-बिंदू पट्टा काढून शर्यतीचा चार-बिंदू पट्टा लावण्याची हौस अनेकांना असते. आत पोलादी पिंजरा नसेल तर ती घातक आहे. गाडी उलटून छत दबले की मूळ पट्ट्यात शरीर बाजूला कलंडू शकते, तर चार-बिंदू पट्टा ते ताठ धरून ठेवतो. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे असावे. दुचाकीच्या आणि मोटार शर्यतीच्या हेल्मेटमध्ये महत्त्वाचा फरक म्हणजे ‘स्नेल एसए’ शिक्क्याच्या हेल्मेटची आगीत टिकण्याचीही चाचणी झालेली असते. कोणते चालेल हे शाळेच्या नियमपत्रात पाहावे. कपडे सुती आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. कृत्रिम धाग्याचे कापड आगीत वितळून कातडीला चिकटते. बूट पातळ तळव्याचे असावेत.

सर्किटवर पोहोचण्याचा दिवस आणि शाळेचा दिवस यांत एक रात्र तरी असावी. हजार किलोमीटरच्या वाटेने तेल प्यालेले असते, नट सैलावलेले असू शकतात आणि चालकही थकलेला असतो. सोबत एक लिटर इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलचा न फोडलेला डबा, हवा मोजण्याचे यंत्र, टॉर्क रेंच, चिकटपट्टी आणि पुढच्या पॅडचा जास्तीचा संच असावा. जुने पॅड टाकून न देता परतीसाठी ठेवण्याची पद्धतही चांगली आहे. एबीएस आणि स्थैर्य राखणारी यंत्रणा असेल तर ती बंद करू नये. पहिल्या दिवशी ती बंद करून कोणाला काही सिद्ध करायचे नसते आणि प्रशिक्षकही तशी अपेक्षा ठेवत नाहीत.

परतीच्या वाटेवर निघण्यापूर्वी चारही चाके काढून पॅडची जाडी आणि टायरच्या आतल्या कडा पाहून घ्याव्यात. बाहेरून ठीक दिसणारा टायर आतून तारेपर्यंत झिजलेला असू शकतो. ब्रेकचे पेडल सकाळपेक्षा खोल जात असेल, तर तेथेच ऑइल बदलावे आणि मगच महामार्गाला लागावे. नाशिकला पोहोचल्यावर मूळ पट्टा, स्टेपनी आणि जॅक जागेवर आहेत ना, हे पाहून गाडी पुन्हा घरच्यांच्या हाती द्यावी.