स्ट्रॉबेरी : रोप निरोगी तर पीक निरोगी

स्ट्रॉबेरी ही गुलाबाच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती होय. योग्य हवामानात एकदा लावलेले रोप कित्येक वर्षे जगू शकते. असे असूनही महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावरील शेतकरी ती दरवर्षी नव्याने लावतात. यामागील कारण ज्यास उमगले, त्याच्या हाती या पिकाची किल्ली आली असे समजावे.

हे पीक मूळचे आपल्याकडील नव्हे. फ्रेझिये नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १७१४ साली चिली देशातून मोठ्या फळांच्या जातीची रोपे फ्रान्सला नेली. पुढे उत्तर अमेरिकेतील जातीशी तिचा संकर होऊन आजची स्ट्रॉबेरी निर्माण झाली. इंग्रजी अमदानीत ती महाबळेश्वरी आली, आणि २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस भौगोलिक मानांकन लाभले.

पठाराची उंची सुमारे १,३७० मीटर. हिवाळ्यातील थंड हवा व लहान दिवस यांमुळे रोपास फुले येतात. उन्हाळ्यात दिवस मोठा व उष्ण झाला की फुलोरा मंदावतो आणि रोप लांब तंतूसारखे धुमारे सोडते. यांनाच शेतकरी ‘रनर’ म्हणतात. धुमाऱ्याच्या पेराशी नवे रोप मूळ धरते. त्यानंतर पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. त्यात जुनी रोपे कुजतात व बुरशीजन्य रोग बळावतात. जी रोपे तग धरतात, तीही रोगाचे बीज अंगी बाळगून असतात. त्यांच्यापासून घेतलेले रोप वरून हिरवेगार दिसले तरी रोग बरोबर घेऊनच नव्या वाफ्यात येते. म्हणून जुन्या शेतातील फुकटचे रोप हेच पुष्कळदा सर्वांत महाग पडते.

यास्तव पावसाळ्याच्या तोंडी निरोगी मातृरोपे आणून, वाईसारख्या कमी पावसाच्या भागात त्यांची रोपवाटिका करण्याचा प्रघात पडला आहे. तेथे तयार झालेली रोपे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पठारावर लावतात.

लागवडीसाठी जमीन निचऱ्याची, किंचित आम्लधर्मी (सामू ५.५ ते ६.५) असावी. खारवट जमीन व खारे पाणी या पिकास मानवत नाही. चांगले कुजलेले शेणखत घालून २५ ते ३० सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत. त्यांवर ठिबकच्या नळ्या अंथरून काळ्या प्लॅस्टिकचे आच्छादन घालावे. त्यामुळे तण वाढत नाही व फळास माती लागत नाही. दोन वाफ्यांच्या मध्यांतील अंतर १.२ मीटर, वाफ्यावर दोन ओळी व रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास गुंठ्यास सुमारे ५६० रोपे लागतात. रोपाचा मध्यकोंब जमिनीच्या पातळीस असावा. तो मातीखाली गाडला गेल्यास कुजतो, फार वर राहिल्यास मुळे सुकतात.

ज्यास आपण फळ म्हणतो तो वस्तुतः फुलाचा फुगलेला देठाग्र होय. त्यावरील बारीक दाणे हीच खरी फळे. ज्या बाजूच्या दाण्यांस पराग मिळत नाही ती बाजू खुरटते व फळ वेडेवाकडे होते. मधमाश्यांचे महत्त्व यातच आहे. बहर असताना त्यांस मारक औषधे फवारू नयेत. लाल कोळी व करडी बुरशी यांवर सतत नजर ठेवावी, रोगट पाने व फळे वेचून नष्ट करावीत. हे फळ न सोलता खातात, म्हणून फवारणी व तोडणी यांतील विहित अंतर कटाक्षाने पाळावे.

तोडलेल्या फळाचा रंग पुढे चढतो, गोडी मात्र वाढत नाही. म्हणून तीन-चतुर्थांश रंग भरल्यावर, सकाळच्या गारव्यात, देठासह फळ तोडावे व उथळ डब्यांत एक-दोन थरांतच भरावे.

पहिले फळ हाती येण्यापूर्वीच रोपे, आच्छादन व ठिबक यांवर मोठी रक्कम खर्च होते, आणि माल दोन-चार दिवसांत विकावा लागतो. तेव्हा नवीन शेतकऱ्याने प्रथम पाच गुंठ्यांवर, म्हणजे सुमारे २,८०० रोपांवर, अनुभव घ्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लागवडीचा सल्ला देण्यापूर्वी शेतकऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावेत : रोप कोठून आणणार? आणि तोडलेले फळ दुसऱ्या दिवशी कोठे पोहोचणार? दोहोंची उत्तरे निश्चित असतील तरच वाफे आखावेत.