मुरुंताऊचे सोने आणि चार किलोमीटर खालचा ग्रॅनाइट

तिआनशान पर्वताचे पश्चिम टोक उझबेकिस्तानात किझिलकुम वाळवंटाखाली गडप होते. तिथल्या बुटक्या टेकड्यांत मुरुंताऊ ही जगातील सर्वांत मोठ्या उघड्या सोन्याच्या खाणींपैकी एक आहे. साठा १९५८ मध्ये सापडला. आज खड्डा सुमारे ६०० मीटर खोल आहे.

आजचा उंच तिआनशान भारत-आशिया टकरीच्या रेट्याने नव्याने उचलला गेलेला आहे. मूळ पर्वत त्याहून कितीतरी जुना. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी मधला महासागर मिटून काराकुम व तारीम हे भूखंड उत्तरेकडच्या कझाकस्तानी भूखंडावर आदळले. जाड झालेले कवच तापले, खालचे खडक वितळले आणि टक्कर ओसरताना तो शिलारस वरच्या थरांत घुसून जमिनीखालीच थिजला. हाच ग्रॅनाइट.

कवचातल्या साध्या खडकात टनामागे एक-दोन मिलिग्रॅम सोने असते. खाण परवडायला ते हजारपटीच्या आसपास गोळा व्हावे लागते. ते काम खोलवरचे तप्त पाणी करते. त्यातल्या गंधकाशी बांधले गेलेले सोने विरघळून भेगांतून वर चढते. खडक तडकून दाब एकदम उतरला किंवा खडकातल्या लोहाने गंधक ओढून घेतले, की सोन्याचा आधार सुटतो आणि ते क्वार्ट्‌झच्या शिरांत बसते.

मुरुंताऊच्या शिरा कार्बनयुक्त जुन्या गाळखडकांत आहेत. त्यांत आर्सेनोपायराइट आणि टंगस्टनचे शीलाइटही सापडते. टंगस्टन म्हटले की सोनेही ग्रॅनाइटनेच आणले असावे, असा संशय येतोच. खोल वेधनात सुमारे चार किलोमीटरवर तो लागलाही, आणि वयही जुळले: सोने आणि ग्रॅनाइट दोन्ही २९ कोटी वर्षांच्या आसपासचे. तरीही हा पुरावा निर्णायक नाही. ज्या उष्णतेने खडक वितळले, तिनेच गाळखडकांतले पाणी आणि सोनेही पिळून काढले असू शकते. भूवैज्ञानिकांचा वाद अजून मिटलेला नाही.

उझबेकिस्तानातल्याच झारमितान येथे तर शिरा थेट ग्रॅनाइटी खडकातून जातात. पण शिरेला भेग लागते आणि भेग पडायला खडक आधी घट्ट व्हावा लागतो. तिथे ग्रॅनाइट सोन्याचा जनक असो वा नसो, कडक आणि ठिसूळ असल्यामुळे यजमान मात्र उत्तम ठरला. किरगिझस्तानात सुमारे ४,००० मीटर उंचीवरच्या कुमतोरला सोने त्याच काळातले आहे. त्या वयाचा ग्रॅनाइट मात्र जवळपास दिसत नाही. त्यामुळे या पट्ट्यात सोने शोधताना ग्रॅनाइटच्या कडांइतकेच मोठे भ्रंश आणि कार्बनयुक्त गाळखडकही तपासले जातात.