बी. डी. डी. चाळ : वास्तुरचना आणि वाङ्मयीन साक्ष

मराठी समीक्षेत ‘चाळसंस्कृती’ हा शब्द इतका रुळला आहे की, चाळ नावाची वास्तू सर्वत्र एकाच घडणीची असावी असा समज सहज होतो. वस्तुतः मुंबईतील चाळींच्या रचनेत मूलभूत भेद आहेत. त्यांपैकी बी. डी. डी. चाळींच्या रचनेचा येथे विचार करावयाचा असून, त्या रचनेचा साहित्याच्या आकलनाशी काय संबंध पोहोचतो हे पाहावयाचे आहे.

१८९६ च्या प्लेगने मुंबईतील कामगारवस्तीची दुरवस्था चव्हाट्यावर आणली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळी बांधल्या. त्यांपैकी परळच्या चाळीत डॉ. आंबेडकरांचे दीर्घकाळ वास्तव्य होते. पहिल्या महायुद्धानंतर जागेची टंचाई अधिकच तीव्र झाली. तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निर्माण करण्यात आले. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळीस १२१, नायगावास ४२, आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीस १२. आरंभीच्या काळात अनेक खोल्या रिकाम्याच राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या काही चाळींचा उपयोग सरकारने तात्पुरता तुरुंग म्हणून केला. हा उपयोग त्या बांधणीवर बोलके भाष्य करतो.

तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस आणि एकूण ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, असा हा आराखडा आहे. बांधकाम सळयांच्या काँक्रीटचे. मजल्याच्या मधोमध एक बोळ. त्याच्या दोन्ही अंगांना दहा दहा खोल्या, दारासमोर दार. शौचकूप सामाईक. गिरगावातील परिचित चाळीत खोल्यांपुढे लाकडी कठड्याची गॅलरी असते. येथे ती नाही. हा भेद केवळ बांधकामाचा नव्हे. गॅलरीत उभा राहणारा माणूस अंगण पाहतो, रस्ता पाहतो, शेजाऱ्यांची ये-जा न्याहाळतो. बोळाच्या चाळीत दार उघडले की नजर समोरच्या दारावरच थांबते. दार लावून घ्यावे तर खोलीतील वारा अडतो. उघडे ठेवावे तर संसार उघडा पडतो. त्यामुळे दार उघडे ठेवणे हा येथे शेजारधर्माइतकाच वास्तूचा आग्रहही ठरतो. मोकळेपणी एकत्र जमावयाचे तर जिना उतरून दोन चाळींमधल्या पटांगणात यावे लागते.

या दृष्टीने ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) पुन्हा वाचता येईल. पु. ल. देशपांडे यांच्या या कृतीतील निवेदक अनेक बिऱ्हाडांकडे एकाच जिव्हाळ्याने आणि एकाच मिस्कीलपणे पाहू शकतो. पांढरपेशा वस्तीचे संस्कार त्यामागे आहेतच; परंतु सर्वांना सर्व दिसण्याची सोय करणारी वास्तूही त्यामागे आहे. गिरणगावाच्या साहित्यात अनुभव बहुधा दोन टोकांना एकवटलेला दिसतो. एक टोक खोलीचे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात गिरणी संपानंतरची एका कुटुंबाची पडझड चाळीतल्या खोलीत घडते. दुसरे टोक मैदानाचे : सभा, जयंती, शाहिरी, मोर्चा. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या परिसरात दलित पँथरची सभा झाली आणि दंगल उसळली. दलित साहित्याच्या इतिहासात ही घटना नोंदली जाते. परंतु ती जेथे घडली त्या जागेचा विचार क्वचितच होतो. वास्तूने साहित्य घडविले असे सरसकट विधान येथे करावयाचे नाही. जात, वर्ग आणि चळवळ यांची कारणे अधिक बलवत्तर आहेत. मात्र ती ज्या अवकाशात प्रकट झाली, त्याचा आकार समीक्षेने गृहीत धरून चालणार नाही.

या प्रश्नाला आता निकड आली आहे. चाळींचा पुनर्विकास सुरू असून २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना नव्या सदनिकांचा ताबा देण्यात आला. १६० चौरस फुटांत पिढ्या काढलेल्या माणसास ५०० चौरस फुटांचे घर मिळत असेल तर त्याबद्दल हळहळ व्यक्त करण्याचा अधिकार बाहेरच्या अभ्यासकाला नाही. गळका नळ आणि सामाईक संडास यांचे स्मरणरंजन करणे सोपे असते; ते ज्यांनी सोसले त्यांना ते सुचत नाही. तथापि वास्तू गेली की तिच्यावर उभे असलेले शब्दही पोरके होतात. ‘बोळ’, ‘मोरी’, ‘पोटमाळा’ हे शब्द उद्याचा विद्यार्थी कोशात पाहील; त्यांमागील अंतरे, अंधार आणि सक्तीची जवळीक त्याला कोशात सापडणार नाही. म्हणून या साहित्यकृती शिकविताना तिच्या शेजारी चाळीचा नकाशा मांडणे, आणि रहिवासी आहेत तोवर त्यांच्याकडून खोलीचा वापर टिपून घेणे, हे मराठी विभागांचेही काम आहे. ते केवळ वास्तुविशारदांवर सोपविता येणार नाही.