शामोनीच्या वाटाड्यांची कंपनी

फ्रान्सच्या आग्नेय सीमेलगत, आर्व्ह नदीच्या अरुंद खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३५ मीटर उंचीवर वसलेले शामोनी हे नऊ हजारांच्या आतबाहेर वस्तीचे गाव आहे. परंतु बाराही महिने मोकळ्यावरच्या खेळांवर चरितार्थ चालवणारी जी मोजकी डोंगरी गावे जगात आहेत, त्यांत त्याचा क्रम फार वरचा लागतो. हिवाळ्यात स्की, वसंतात स्कीवरूनच हिमनद्या ओलांडणाऱ्या लांबच्या मोहिमा, उन्हाळ्यात गिर्यारोहण, कडेचढाई, पॅराग्लायडिंग आणि पदभ्रमण असा तेथील वर्षाचा क्रम असून, त्याचे श्रेय सर्वसाधारणपणे गावावर उभ्या असलेल्या ४,८०० मीटरहून उंच माँ ब्लाँ शिखराला दिले जाते. तथापि उंच शिखरे आणि मुबलक बर्फ आल्प्समधील इतर कित्येक खोऱ्यांच्याही वाट्याला आले आहे. शामोनीचे वेगळेपण बर्फापेक्षा व्यवस्थेत अधिक आहे आणि त्या व्यवस्थेचा कणा म्हणजे १८२१ मध्ये स्थापन झालेली वाटाड्यांची कंपनी होय. येथे कंपनी म्हणजे भागभांडवलावर चालणारा उद्योग नव्हे, तर एका व्यवसायातील माणसांनी स्वतःच्या रक्षणासाठी बांधलेला संघ.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे खोरे गुरे, राई-बार्लीची शेती, रानबकऱ्यांची शिकार आणि कड्यांतून स्फटिक शोधणे यांवर जगत होते. १७४१ मध्ये विंडहॅम आणि पोकॉक हे इंग्रज प्रवासी येथील हिमनदी पाहून गेले व त्यांच्या वृत्तान्तामुळे खोऱ्याचे नाव युरोपभर झाले; पुढे १७६० मध्ये जिनिव्हाचा तरुण निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूर याने माँ ब्लाँची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. ते शिखर ८ ऑगस्ट १७८६ रोजी स्फटिक शोधणारा झाक बाल्मा आणि गावचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार या दोघांनी गाठले, आणि दुसऱ्याच वर्षी स्वतः सोस्यूर अठरा वाटाडे बरोबर घेऊन वर गेला. एका अभ्यासकामागे अठरा माणसे हे प्रमाण पाहिले, म्हणजे शिकाऱ्यांच्या आणि गुराख्यांच्या गावात नवा धंदा कसा उभा राहिला हे निराळे सांगावे लागत नाही.

कंपनीच्या स्थापनेस मात्र एक अपघात कारण झाला. ऑगस्ट १८२० मध्ये रशियाच्या सेवेतील डॉ. हामेल याच्या मोहिमेवर शिखराखालच्या उतारावर हिमलोट कोसळला आणि तीन वाटाडे हिमभेगेत, म्हणजे हिमनदी सरकताना तिच्या अंगावर पडणाऱ्या खोल चिरेत, गाडले गेले. मृतांच्या कुटुंबांना आधार कोणाचा, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि त्याचे उत्तर म्हणून पुढच्याच वर्षी संघ स्थापन होऊन त्याने मदतनिधी उभारला. शामोनी त्या काळी सार्डिनियाच्या राज्यात मोडत असल्यामुळे नियमांना मान्यता तेथील सरकारची मिळाली. या तिघांचे अवशेष हिमनदीने १८६१ मध्ये, एक्केचाळीस वर्षांनी, आपल्या खालच्या टोकाशी आणून टाकले. हिमनद्यांच्या गतीचा अभ्यासक फोर्ब्स याने सुमारे तेवढ्याच काळाचे भाकीत आधी करून ठेवले होते.

संघाचा दुसरा आधार म्हणजे पाळी. आलेला प्रवासी कोणाकडे जाणार हे वशिल्याने वा आरडाओरडीने न ठरता यादीतील क्रमाने ठरे. कालव्याच्या पाण्याची पाळी जशी शेताच्या मालकाकडे न पाहता पुढे सरकते, तशीच ही व्यवस्था होती. स्पर्धेत माणसे एकमेकांचे दर पाडतात आणि दर पडले की धोका पत्करून काम घेण्याची वृत्ती बळावते, हे तीतले शहाणपण. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रज गिर्यारोहकांनी याच नियमाविरुद्ध तक्रार केली, कारण अवघड चढाईसाठी त्यांना नामांकित वाटाड्या हवा असे आणि पाळीत येणारा माणूस निम्म्या गुणांचाही असू शकत असे. दोन्ही बाजूंचे म्हणणे खरे होते. पुढे नियमांना मुरड घालून पसंतीच्या वाटाड्याला वाव देण्यात आला. बाहेरच्यांना दार उघडण्यास मात्र फार काळ लागला. खोऱ्याबाहेर जन्मलेला पहिला सदस्य, पॅरिसचा रोझे फ्रिझाँ-रोश, कंपनीत आला तो १९३० मध्ये. त्यामागे परंपरेचा अभिमान किती आणि पोटाची काळजी किती, हे वेगळे करून दाखवणे कठीण आहे.

उन्हाळ्याचा हा धंदा वर्षभराचा होण्यास रेल्वे कारण झाली. १९०१ मध्ये रूळ गावापर्यंत पोहोचले. १९०३ च्या जानेवारीत गावातील डॉक्टर मिशेल पायो आणि त्याचे सोबती स्कीवरून स्वित्झर्लंडमधील झेरमाटपर्यंत गेले, तेव्हा जी साधने रुग्णांच्या घरी पोहोचण्यासाठी वापरली जात होती त्यांचा खेळ म्हणून उपयोग गावाला दिसून आला. २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४ या काळात येथे सोळा देशांचे खेळाडू जमले आणि त्या क्रीडासप्ताहाला नंतर पहिल्या हिवाळी ऑलिम्पिकचा मान देण्यात आला. १९५५ मध्ये सुरू झालेल्या रज्जुमार्गाने तर ३,८४२ मीटर उंचीचे एग्वी द्यु मिदी शिखर गावापासून वीस मिनिटांवर आणले. त्याच्या वरच्या टप्प्यात आधाराचा एकही खांब नाही.

सोय वाढली म्हणून वाटाड्याचे काम संपले नाही, उलट ते तेथूनच सुरू होते. वरच्या स्थानकाच्या बोगद्यातून बाहेर पडताच बर्फाची अरुंद धार उतरावी लागते, जिच्या एका अंगाला शामोनीपर्यंतची खोली असते. पर्यटक एका दोराला बांधलेले असून वाटाड्या सर्वांच्या मागे, म्हणजे वरच्या बाजूस, राहतो. कारण उतरताना पुढच्याचा पाय सुटला तर त्याला वरूनच रोखता येते. दोर त्याने जमिनीला टेकू न देता आणि फार ओढूही न देता हातात धरलेला असतो. ढिला दोर पडणाऱ्याला वेग देतो आणि फार ताणलेला दोर चालणाऱ्याचा तोल घालवतो. धार संपल्यावर स्की पायांत चढतात आणि सुमारे वीस किलोमीटरची व्हॅले ब्लाँश नावाची घसरण सुरू होते, जी आखलेली, राखलेली वाट नसून हिमभेगांनी भरलेली हिमनदीच असते.

येथील एका हिमनदीने भारताशीही नाते जोडले आहे. मुंबईहून लंडनकडे जाणारे एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँवर आदळून ४८ जण मृत्युमुखी पडले, आणि अवशेषांकडे निघालेल्या बचावपथकातील वाटाड्या रेने पायो याचाही त्यात अंत झाला. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचेच 'कांचनजंगा' हे विमान त्याच डोंगरावर कोसळले, डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण त्यात गेले. बोसाँ हिमनदीतून या दोन्ही विमानांचे अवशेष अजूनही खाली येत आहेत. २०१२ मध्ये एक भारतीय राजनैतिक टपालाची पिशवी सापडली, तर २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला रत्नांची पेटी मिळाली.

बचावाचे काम दीर्घकाळ वाटाड्यांच्या स्वयंसेवेवर चालले. डिसेंबर १९५६ मध्ये व्हँसाँदाँ आणि आन्री हे दोन तरुण माँ ब्लाँवर अडकले, त्यांच्याकडे निघालेले हेलिकॉप्टरही कोसळले आणि दोघे वरच मेले. कंपनीने वेळीच पाऊल उचलले नाही अशी जाहीर टीका अन्नपूर्णा मोहिमेतील लिओनेल तेरे याने केली व त्याचे आणि कंपनीचे संबंध तुटले. १९५८ मध्ये गावात सशस्त्र पोलीसदलाचे स्वतंत्र पर्वतीय बचावपथक स्थापन झाले. ज्याची सुरुवात मदतनिधीने झाली त्या संघाला हा प्रसंग भूषणावह नव्हता, आणि त्याचा इतिहास सांगताना तो वगळणे योग्य ठरणार नाही.

चढाईच्या जोडीला खोऱ्याच्या उन्हाळ्यात धावण्याचा खेळही आला आहे. ऑगस्टअखेरीस माँ ब्लाँला प्रदक्षिणा घालणारी सुमारे १७० किलोमीटरची डोंगरशर्यत २००३ पासून भरते. फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या तिन्ही देशांतून जाणाऱ्या या वाटेवर एकूण चढ दहा हजार मीटरांच्या आसपास भरतो, आणि पहिल्या वर्षी खराब हवामानात निघालेल्या सुमारे सातशे धावपटूंपैकी केवळ ६७ जण शेवटपर्यंत पोहोचले होते.

आता ऋतूंचा जुना हिशेबच बदलू लागला आहे. माँतान्व्हेरच्या दातेरी रेल्वेने आलेल्या प्रवाशाला मेर द ग्लास हिमनदीचा बर्फ पूर्वी स्थानकापासून जवळच लागे. १९८८ मध्ये तेथे पाळणे बसवूनही बर्फ खचत गेला आणि पुढे पाळण्यातून उतरल्यावर पाचशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागू लागल्या. वर, कड्यांचा वर्षानुवर्षे गोठलेला थर, ज्याला परमाफ्रॉस्ट म्हणतात, तो तापत असून भेगांतल्या बर्फाचा खडक सांधून धरणारा जोडच सुटत आहे. २००५ मध्ये प्ती द्र्यूवरील बोनात्ती स्तंभ ढासळला तो या प्रक्रियेचा ठळक दाखला मानला जातो. कंपनीचाच सदस्य असलेल्या गास्ताँ रेब्युफा याने १९७३ मध्ये या पर्वतातील शंभर उत्तम चढाया निवडून पुस्तक काढले होते. त्यांपैकी ९५ मार्गांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विचार झाला, तेव्हा ९३ मार्गांवर बदलाचा परिणाम आढळला, २६ मार्गांवर तो तीव्र होता आणि तीन मार्ग तर अस्तित्वातच उरले नव्हते. जुलै २०२२ मध्ये दगड कोसळण्याच्या धोक्यामुळे कंपनीने माँ ब्लाँच्या नेहमीच्या वाटेवरील चढाया तात्पुरत्या थांबवल्या. त्यामुळे जुलै-ऑगस्टचा ठरलेला हंगाम सोडून बर्फाच्या चढाया वसंताकडे सरकवणे, भर उन्हाळ्यात घट्ट खडकांच्या वाटा निवडणे आणि आदल्या संध्याकाळी बेत बदलण्याची मोकळीक पर्यटकाकडून आधीच मागून घेणे, हे आता वाटाड्याच्या नित्याच्या कामात मोडू लागले आहे.