एका 'व'चें सामर्थ्य

नवी मुंबईंत बेलापूरनजीक पारसिकचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशीं तीन माणसें उभीं आहेत, अशी कल्पना करावी. पहिला म्हणतो, "मला डोंगर चढतां येत नाहीं." दुसरा म्हणतो, "मी आज चढूं शकत नाहीं." तिसरा म्हणतो, "मला डोंगर चढवत नाहीं." तिघेही खालींच राहिले, परंतु तिघांनीं सांगितलेली अडचण एक नव्हे.

'चढतां येणें' यांत कसब असतें किंवा बाहेरची मुभा. पोहतां येतें तें शिकल्यानें. उलट रविवारीं बँकेंत पैसे भरतां येत नाहींत, यांत उणीव भरणाऱ्याची नव्हे. 'शकणें' सर्वसंग्राहक आहे; अडचण कोणती, हें त्यांतून कळत नाहीं. 'चढवत नाहीं' हें रूप मात्र माणसाच्या त्राणाविषयीं बोलतें. कसब आहे, मुभा आहे, इच्छाहि असेल. बळ तेवढें नाहीं. व्याकरणांत यास 'शक्य क्रियापद' म्हणतात. येथें 'मी' जाऊन 'मला' किंवा 'माझ्यानें' येतें. जणूं क्रिया कर्त्याच्या हातची राहिली नाहीं.

हें बळ केवळ देहाचें नव्हे. डोळे शाबूत असून एखादें दुःख 'बघवत नाहीं'; वाचा शाबूत असून वाईट बातमी 'सांगवत नाहीं'. हिंदींत हाच भाव 'मुझसे देखा नहीं जाता' अशा रचनेनें व्यक्त होतो. इंग्रजींत मात्र कसब, मुभा आणि बळ या तिहींचा भार बहुधा 'कॅन' हें एकच क्रियापद वाहतें.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नाहीं. सिडकोच्या १९७० मधील स्थापनेनंतर उभ्या राहिलेल्या या नगरांत अनेक भाषा शेजारीं नांदतात. घरांतील वृद्धेचें गाऱ्हाणें डॉक्टरांपर्यंत पुष्कळदां दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्या भाषेंत पोहोंचतें. "आजी जेवत नाहीं" असें सांगितलें, तर आजी हट्टी ठरण्याचा संभव असतो. "आजीला जेववत नाहीं" म्हटलें, कीं शोध सुरू होतो: घास गिळतांना दुखतें काय, भूक मंदावली आहे काय, मन खिन्न आहे काय? नकार आणि असमर्थता यांत येथें एका 'व'चें अंतर आहे. तें अक्षर ऐकूं आलें, तर समजूत घालण्याआधीं दुखणें विचारावें, आणि निरोप दुसऱ्या भाषेंत नेतांना "खात नाहीं" एवढेंच न सांगतां "खाण्याचें बळ नाहीं" असें सांगावें.